न हरलेले, न बोलावलेले

सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे गेले की माझा सकाळचा फेरफटका ठरलेला असतो. गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यात केझार नावाचं स्टेडियम आहे. तिथली धावण्याची वाट सगळ्यांना खुली असते. तरुण मंडळी पळतात, माझ्यासारख्या आज्या कडेकडेने चालतात. जुनं केझार खूप मोठं होतं. ते १९८९ साली पाडलं आणि त्याच जागी हे लहान बांधलं. मैदानाला बॉब सेंट क्लेअर या खेळाडूचं नाव दिलेलं आहे.

हा कोण, असं मी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, तो फुटबॉलवाला. शाळेत असताना इथेच खेळला, कॉलेजात इथेच, आणि मोठा झाल्यावर फॉर्टीनाइनर्सकडूनही इथेच." मग जराशाने म्हणाला, "त्यांच्या कॉलेजच्या टीमची एक गोष्ट आहे. ते एकही मॅच हरले नव्हते, पण त्यांना मोठ्या मॅचला बोलावलंच नाही. म्हणजे बोलावलं, पण तुमचे दोन काळे खेळाडू आणू नका म्हणाले. तर हे म्हणाले, मग आम्हीही येत नाही."

झालं! माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. बोलावलं नाही, की बोलावलं आणि हे गेले नाहीत? दोन्ही एकदम कसं खरं असेल? वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं, तर मी समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं असतं. नातवाला काही उत्तर देता येईना. मग मीच शोधायला बसले. पुढचे पंधरा दिवस लेक म्हणत होती, "आई, तू अमेरिकेत येऊन फुटबॉल वाचतेस?" वाचला खरा. आणि वाचून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी खेळाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडचा फुटबॉल वेगळा. अमेरिकेतल्या या फुटबॉलात पायाचा संबंध कमीच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन किंवा पुढच्या गड्याकडे फेकून शंभर यार्डांच्या मैदानात पुढे पुढे सरकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड गेलात तर चेंडू तुमच्याकडेच राहतो, नाही तर समोरच्याला द्यावा लागतो. समोरचे अंगावर झेपावून पाडतात. चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेलं की टचडाऊन, त्याचे सहा गुण. एवढं कळलं तरी पुढचं कळतं. मला स्वतःला याहून जास्त कळत नाही!

आता कॉलेज. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली काढलेली संस्था. केझारपासून फार लांब नाही. टेकडीवर सेंट इग्नेशियस चर्चचे दोन उंच मनोरे दिसतात, त्याला लागूनच ती आहे. १९५१ साली ही संस्था काही मोठी नव्हती आणि श्रीमंत तर नव्हतीच. तिच्या खेळाडूंना म्हणायचे 'डॉन्स'.

प्रशिक्षक होते ज्यो कुहॅरिक. स्वतः नोत्र दामसारख्या नामांकित ठिकाणी खेळलेले आणि शिस्तीचे अतिशय कडक. हंगामाआधी ते पोरांना उत्तर कॅलिफोर्नियातल्या कॉर्निंग नावाच्या गावी सरावाला न्यायचे. तिथला उन्हाळा म्हणजे आपला विदर्भातला मे महिना समजा. जे टिकले ते संघात.

आणि टिकलेली पोरं तरी कशी! जिनो मार्चेट्टी हा इटलीहून आलेल्या आईबापांचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात होता. त्यामुळे अमेरिकेचं नागरिकत्व न घेतलेल्या इटालियन लोकांना 'शत्रुदेशाचे परके' ठरवून किनाऱ्याजवळची घरं सोडायला लावली होती. त्याच्या आईच्या वाट्यालाही तेच आलं. आणि इकडे हा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात भरती होऊन युरोपात जर्मनांशी लढून आला. कॉलेजात पहिल्यांदा आला तो मोटरसायकलवर, काळं चामड्याचं जाकीट घालून. बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच. तो मांस कच्चंच खायचा म्हणून प्रसिद्ध. (हे वाचून माझ्या शाकाहारी पोटात ढवळलं, पण असो.) एड ब्राऊन हा चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक.

आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर.

मॅटसनचा जन्म टेक्सासचा, पण हायस्कूल सॅन फ्रान्सिस्कोतलं. धावायला इतका वेगवान, की पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या शर्यतीत त्याने ब्राँझपदक मिळवलं आणि रिले शर्यतीत रौप्यपदक. टोलर टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. शरीराने भक्कम, स्वभावाने शांत, समोरच्याला अडवून पाडण्यात पटाईत. हे दोघं आधी सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोत एकत्र होते. १९४८ साली तिथला संघही अपराजित राहिला होता. तिथून दोघंही टेकडीवरच्या या कॉलेजात आले.

आणखी एक नाव सांगून ठेवते, कारण ते शेवटी परत येणार आहे. संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांना पुरवायचं काम एक तरुण करायचा, पीट रोझेल नावाचा. संघ लहान कॉलेजचा, त्यामुळे देशातल्या पेपरवाल्यांनी दखल घ्यावी म्हणून त्याला बरीच खटपट करावी लागे.

तर १९५१ चा हंगाम. सुरुवात सॅन होजे स्टेटविरुद्ध, ३९-२. मग एकामागून एक सामने जिंकत गेले. ऑक्टोबरमध्ये खंडाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला फोर्डहॅमशी सामना होता. पूर्वेकडच्या बड्या पत्रकारांसमोर दिसायची ही एकच संधी. मॅटसनने त्या दिवशी सुरुवातीचा उंच मारलेला चेंडू स्वतः झेलून जवळजवळ संपूर्ण मैदान ओलांडलं आणि टचडाऊन केला. हे एकदा नाही, एकाच सामन्यात दोनदा! सामना ३२-२६ असा जिंकला. सगळ्या हंगामातला सर्वांत चुरशीचा तोच.

नोव्हेंबरमध्ये स्टॉकटनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी गाठ पडली. तो संघही जोरात होता. डॉन्सनी त्यांना ४७-१४ असं हरवलं. हा आकडा लक्षात ठेवा. शेवटचा सामना लॉस एंजेलिसच्या लोयोला कॉलेजशी, पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर, २०-२. नऊ सामने, नऊ विजय. मॅटसनने हंगामात १५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाऊन केले. धावेत सगळ्या देशात तो पहिला होता. तरीही वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन चषकाच्या मतदानात तो नववा आला. चषक गेला प्रिन्स्टनच्या डिक काझमायरकडे. देशातल्या संघांच्या क्रमवारीत हा अपराजित संघ चौदावा.

आता हे 'बोल' प्रकरण काय ते सांगायला हवं. कॉलेजांचा हंगाम नोव्हेंबरअखेर संपतो आणि मग नववर्षाच्या सुमाराला काही मानाचे सामने होतात, त्यांना बोल म्हणतात. मूळ पॅसाडिनाचा रोझ बोल, वाडग्यासारख्या आकाराच्या स्टेडियमवरून पडलेलं नाव. पुढे उबदार हवेच्या दक्षिणेतल्या शहरांनी त्याची नक्कल केली. मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल, जॅक्सनव्हिलचा गेटर बोल. हे सामने कुठल्या सरकारी मंडळाने भरवलेले नव्हते. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींची आणि व्यापाऱ्यांची समिती असे. थंडीत पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत, गावाचं नाव व्हावं हा हेतू. कोणाला बोलवायचं हे समिती ठरवणार. कॉलेजला मानाबरोबर चांगले पैसेही मिळत.

रोझ बोलचे करार ठरलेले होते. मध्य-पश्चिमेतल्या एका संघटनेचा आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका संघटनेचा संघ, एवढेच तिथे खेळत. डॉन्स कुठल्याच संघटनेत नव्हते. म्हणजे त्यांची आशा होती ती दक्षिणेतल्या बोलांवर. आणि १९५१ ची दक्षिण म्हणजे शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. शाळांमधला हा भेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९५४ साली, म्हणजे अजून अडीच वर्षं दूर. व्यावसायिक बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ साली आला होता, पण दक्षिणेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलला त्याचा स्पर्श झालेला नव्हता.

संघापर्यंत निरोप आला तो असा: तुमचा विचार होऊ शकतो, पण मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून या. कुहॅरिक यांनी हे खेळाडूंना सांगितलं. संघाने नाही म्हटलं. मतदान झालं नाही, चर्चा झाली नाही. त्या संघातले लोक पुढे म्हातारे झाल्यावर आठवणी सांगत, त्यात दिवस आणि जागा एकसारखी येत नाही, पण ही गोष्ट मात्र सगळ्यांच्या सांगण्यात एकच येते. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलंच नाही.

इथे माझा समासातला लाल शाईचा प्रश्न. मग 'न बोलावलेले' असं का म्हणतात? इंग्रजीत या संघाचं बिरुदच तसं आहे: न हरलेले, बरोबरी न झालेले, न बोलावलेले.

मला वाटतं उत्तर असं आहे. रीतसर निमंत्रण कधी आलंच नाही. कारण असल्या अटी कागदावर घालत नाहीत. आधी अंदाज घेतला जातो, कोणीतरी कोणाला तरी फोन करतो, "तुमची हरकत नसेल तर..." असं बोलणं होतं. होकार आला तर पत्र निघतं, नकार आला तर पत्रच निघत नाही. मग जाहीर कारण देता येतं, की या संघाने तगड्या संघांशी सामने खेळले नाहीत. तसं खरोखर सांगितलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोतला रेडिओवरचा क्रीडा समालोचक आयरा ब्लू याने मात्र तेव्हाच उघड सांगून टाकलं, की गेटर, शुगर आणि ऑरेंज या तिन्ही बोलांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको होता.

आता 'तगडे संघ' या कारणाची परीक्षा करू. तो ४७-१४ चा आकडा आठवा. ज्या पॅसिफिकला डॉन्सनी एवढ्या फरकाने धुतलं, त्या पॅसिफिकला टेक्सासमधल्या एल पासोच्या सन बोलचं निमंत्रण मिळालं! १ जानेवारी १९५२ ला ते टेक्सास टेकशी खेळले आणि हरले. त्याच दिवशी ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर, शुगर बोलमध्ये मेरीलँड आणि टेनेसी, गेटर बोलमध्ये मायामी आणि क्लेमसन खेळले. डॉन्स घरी बसले.

वर्गात मी मुलांना सांगायची, की पुरावा म्हणजे फक्त कागद नव्हे. कागद का नाही, हाही पुरावा असतो. ज्यांच्या हातात निमंत्रणं असतात त्यांना नकार लिहून द्यावा लागत नाही. न बोलावणं हे पुरतं. म्हणून नातवाची दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांना बोलावलं नाही, आणि तरी त्यांनी नकार दिला. मी ते प्रश्नचिन्ह खोडलं.

हा एकच संघ असा होता का? नाही. ते सांगणंही इतिहासाला धरून होईल. १९४८ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजला याच सन बोलचं निमंत्रण आलं होतं. त्यांच्या डेव्हिड शोवेल या कृष्णवर्णीय खेळाडूला उतरता येणार नाही हे कळल्यावर त्यांनी ते नाकारलं. म्हणजे 'नाही' म्हणायची वाट डॉन्सच्या आधीही कोणी तुडवली होती.

आणि वाट किती काट्यांची होती ते याच हंगामात दिसलं. २० ऑक्टोबर १९५१ ला ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी ड्रेक कॉलेजचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू, चेंडू त्याच्याजवळ नसतानाही, प्रतिस्पर्ध्याच्या ठोशाने कोसळला. त्याचा जबडा मोडला. दोन छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपला आणि त्या छायाचित्रांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. ज्या ओक्लाहोमाच्या विद्यापीठाच्या मैदानावर हे घडलं, त्याने माफी मागितली २००५ साली. तोवर ब्राइट जगात नव्हता.

तर डॉन्स घरी बसले. पण गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. किंमत अजून चुकवायची होती.

फुटबॉल हा खर्चिक खेळ. पन्नासभर मुलांचे कपडे, शिरस्त्राणं, प्रवास, शिष्यवृत्त्या. केझारवर आता व्यावसायिक फॉर्टीनाइनर्सही खेळत, तेव्हा गावातला प्रेक्षक तिकडे वळत होता. आसपासच्या कॅथलिक कॉलेजांनी एकेक करून हा खेळ सोडायला सुरुवात केली होती. सेंट मेरीजने १९५० च्या हंगामानंतर सोडला, सांता क्लाराने १९५२ च्या हंगामानंतर. डॉन्सचा संघही तोट्यात होता. बोलच्या एका सामन्याच्या पैशाने त्यांना निदान श्वास घेता आला असता. तो आला नाही आणि १९५१ चा हंगाम संपताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. अपराजित संघ पुढच्या वर्षी मैदानावर उतरलाच नाही. उतरायला संघच नव्हता. ज्यांचं शिक्षण उरलं होतं ते पांगले. सेंट क्लेअर एका वर्षासाठी ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात गेला.

त्या पोरांना 'नाही' म्हणताना हे सगळं माहीत होतं असं मी म्हणणार नाही. पण बोलला जायचं म्हणजे देशभर नाव, पुढे व्यावसायिक संघांची नजर, हे विशीतल्या मुलाला न कळण्यासारखं नव्हतं. बहुतेक जण साध्या घरातले, काही युद्धावरून परतलेले. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात तशी संधी पुन्हा येणार नव्हती.

पुढे काय झालं? मार्चेट्टी, मॅटसन आणि सेंट क्लेअर, एकाच कॉलेजच्या एकाच संघातले तिघंही व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. पहिले दोघं १९७२ साली, तिसरा १९९० साली. मॅटसनची एवढी किंमत होती, की १९५९ साली लॉस एंजेलिस रॅम्सने त्या एकट्याच्या बदल्यात नऊ जण देऊ केले. तो सौदा करणारा रॅम्सचा व्यवस्थापक म्हणजे आपला बातम्या पुरवणारा पीट रोझेल. पुढच्याच वर्षी, १९६० साली, तो साऱ्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा कमिशनर झाला आणि १९८९ पर्यंत राहिला. सेंट क्लेअर शेजारच्या डेली सिटीचा महापौरही झाला.

विद्यापीठाचंही सांगायला हवं. फुटबॉल गेला, पण चारच वर्षांनी, १९५५ साली आणि पुन्हा १९५६ साली, त्याच टेकडीवरच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बिल रसेल आणि के. सी. जोन्स हे त्यातले मोठे खेळाडू. प्रशिक्षकाने सुरुवातीच्या पाचात तीन कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले होते, आणि तेव्हाच्या मानाने ती मोठी गोष्ट होती.

शुगर बोलमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो जानेवारी १९५६ मध्ये, पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर. त्या वेळीही जॉर्जियाचे गव्हर्नर आपल्या राज्याच्या संघाने खेळू नये म्हणून अडून बसले होते. त्यांचं ऐकलं गेलं नाही. सामना झाला.

पण मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं ते बर्ल टोलरने. कारण तो माझ्या पेशाचा निघाला!

टोलरला क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाने निवडलं होतं. पण १९५२ च्या उन्हाळ्यात, कॉलेजातल्या उत्तम खेळाडूंच्या एका प्रदर्शनीय सामन्यात, त्याचा गुडघा असा दुखावला की खेळणंच संपलं. व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता. चोवीस वर्षांच्या माणसाचा सगळा डाव मोडला.

तो मास्तर झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेत गणित आणि शारीरिक शिक्षण शिकवू लागला. पुढे तिथलाच मुख्याध्यापक झाला, शहरातल्या माध्यमिक शाळांमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. आणि शाळा सांभाळून शनिवार-रविवारी सामन्यांत पंचगिरी करू लागला. १९६५ साली राष्ट्रीय फुटबॉल लीगने त्याला पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. त्या लीगचा कमिशनर कोण, ते वर सांगितलंच आहे.

मंडळी, पंच होणं म्हणजे काय याचा विचार करा. ज्याला मैदानावर येऊ नको म्हणून निरोप आला होता, त्याच्या शिट्टीवर आता गोरे, काळे, दक्षिणेतले, उत्तरेतले सगळे थांबणार. तो म्हणेल ती रेषा. शिक्षक म्हणून मला हे चांगलं कळतं. मैदान असो की वर्ग, नियम सगळ्यांना सारखा लावायचा, आणि तोही आवाज न चढवता, हे रोजचं काम आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत. टोलरने ते पंचवीस वर्षं केलं.

२० जानेवारी १९८० ला चौदावा सुपर बोल झाला, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना. एक लाखाहून जास्त प्रेक्षक. त्या सामन्याच्या पंचांमध्ये बर्ल टोलर होता. सुपर बोलमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय पंच. आणि सामना कुठे झाला? पॅसाडिनाच्या रोझ बोलवर. नोव्हेंबर १९५१ मध्ये डॉन्स त्यांचा शेवटचा सामना जिथे खेळले, तिथेच.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून नातवाच्या खोलीत गेले. तो झोपला होता, तेव्हा सकाळी सांगितलं. तो म्हणाला, "कूल." त्यांच्याकडे तेवढंच म्हणतात, पण चेहऱ्यावरून कळतं.

मानसन्मान उशिरा आले. २००६ साली विद्यापीठाने त्या संघातल्या हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली. २०१४ साली त्यांच्यावर माहितीपट निघाला. टोलर २००९ साली गेला, मॅटसन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली, मार्चेट्टी २०१९ साली.

टेकडीवर विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची एक इमारत आहे. तिला पूर्वी जेम्स फेलन यांचं नाव होतं. ते सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर आणि नंतर कॅलिफोर्नियाचे सेनेटर. १९२० च्या निवडणुकीत त्यांची घोषणा होती, कॅलिफोर्निया गोरा ठेवा. रोख आशियातून आलेल्या माणसांवर होता. म्हणजे त्यांच्या हिशेबात माझी लेक, जावई आणि नातूही त्या गावात बसले नसते. २०१७ साली विद्यापीठाने ते नाव काढलं आणि इमारतीला बर्ल टोलर यांचं नाव दिलं.

परत निघायच्या आधी मी आणि नातू चालत तिथे गेलो होतो. चढ आहे, माझे गुडघे बोलत होते. मुलं पाठीला पिशव्या लावून आत-बाहेर करत होती. सगळ्या रंगांची, सगळ्या देशांची. टोलर कोण हे त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. नातू म्हणाला, "आजी, पण ते बोल मॅच खेळले असते तर जिंकले असते का?"

मी म्हटलं, "ते काही सांगता येत नाही, बाळा. न झालेल्या मॅचचा स्कोअर नसतो."

"मग त्यांना काय मिळालं?"

मी जरा विचार केला. सगळ्यांना काही ना काही मिळालं असं खोटं सांगायचं नव्हतं. बऱ्याच जणांना काहीच मिळालं नाही. संघ गेला, संधी गेली. मी त्याला एवढंच म्हटलं, की आपले दोन गडी मागे ठेवून ते गेले असते, तर आज तू मला त्यांची गोष्ट सांगितली नसतीस.

तो पुढे पळाला. मी कठड्याला धरून हळूहळू उतरले. उतार मला चढापेक्षा जड जातो.